लायन, लीऑन की ल्यों? इंग्रजी बोलताना फ्रेंच शहराचं नाव कसं घ्यावं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. तुम्ही पुण्यातल्या एका कंपनीत आहात. पुढच्या महिन्यात फ्रान्समध्ये जाऊन इंग्रजीत सादरीकरण करायचं आहे आणि समोर ब्रिटिश, अमेरिकन, जर्मन आणि फ्रेंच अशी मिसळ मंडळी असणार आहेत. सरावाच्या वेळी तुम्ही तिथल्या Lyon शहराचं नाव 'लायन' असं घेतलंत. साहेब म्हणाले, 'लायन्स' म्हणा. फ्रेंच शिकलेली एक सहकारी हसली आणि म्हणाली, खरा उच्चार 'ल्यों' आहे, बाकी सगळं चूक. मग स्लाइडवर शेवटी एस लावायचा की नाही यावरून आणखी वाद झाला. याच सादरीकरणात मार्सेय आणि रँस ही दोन शहरंही येणार आहेत, त्यामुळे तुम्ही आणखीच धास्तावला आहात.

मी पंचवीस वर्षं पुण्यात फ्रेंच शिकवते आणि कारखान्यांच्या बैठकांमध्ये फ्रेंच-इंग्रजी दुभाषी म्हणून बसते. त्या अनुभवावरून तुमच्या घाईपुरतं उत्तर आधी देऊन टाकते. इंग्रजी वाक्यात 'लीऑन' म्हणा आणि जोर 'ली'वर द्या. स्लाइडवर एल, वाय, ओ, एन ही चारच अक्षरं लिहा, एस नको. मार्सेयला इंग्रजीत 'मार्सेऽ' म्हणा, तिथेही एस नको. रँसचं जरा अवघड आहे, ते पुढे सांगते.

आता कारणं. कारण कळलं तर उद्या चौथं शहर समोर आल्यावर पुन्हा कुणाला विचारावं लागणार नाही.

तुम्ही विचारलंत की यातला खरा उच्चार कोणता. माझ्या मते अडचण तिथे नाहीच. मी आत्ता कोणती भाषा बोलतोय आणि समोरचा माणूस कोणत्या भाषेच्या कानाने ऐकतोय, हे आधी ठरवायला हवं. इंदूरचं उदाहरण घ्या. मराठीत आपण इंदूर म्हणतो, ग्वाल्हेर म्हणतो, बडोदे म्हणतो. तिथली हिंदी भाषक माणसं इंदौर आणि ग्वालियर म्हणतात, गुजराती माणूस वडोदरा म्हणतो. मराठी वाक्यात 'मी उद्या इंदौरला जाते' असं कुणी म्हटलं तर ते चूक नसतं, पण कानाला खटकतं. इंदूर हा 'इंदौर'चा बिघडलेला उच्चार नाही. तो मराठीतला शब्द आहे, पिढ्यान्‌पिढ्या वापरून मुरलेला. तसंच पॅरिस हा इंग्रजी शब्द आहे. फ्रेंचमध्ये त्या शहराला 'पारी' म्हणतात, तरी इंग्रजी वाक्यात 'पारी' म्हणणारा माणूस ऐकणाऱ्याला मिरवत असल्यासारखा वाटतो.

यात गंमतीचा भाग असा की 'पॅरिस'मधला तो शेवटचा स इंग्रजांनी स्वतःच्या मनाने लावलेला नाही. जुन्या फ्रेंचमध्ये शब्दाच्या शेवटचा स म्हटला जात असे. पुढे फ्रेंच भाषेतच शेवटची व्यंजनं गळत गेली आणि फ्रेंचांचं पारी झालं. इंग्रजीने मात्र आधी घेतलेला शब्द तसाच जपला. म्हणजे या एका बाबतीत इंग्रजी उच्चारच जुन्याच्या जवळचा आहे. 'मूळ उच्चार' असा आग्रह धरणाऱ्याला मी नेहमी विचारते, कुठपर्यंत मागे जायचं? पॅरिस हे नाव पारिसी या गॉल टोळीवरून आलं. तुमचं शहर रोमनांनी इसवी सनापूर्वी ४३ मध्ये वसवलं, तेव्हा त्याचं नाव लुग्दुनुम होतं. ते शतकानुशतकं जिभांवर घासत घासत ल्यों झालं. मार्सेय तर इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास ग्रीक व्यापाऱ्यांनी वसवलं, त्यांचं नाव मासालिया. त्यामुळे फ्रेंच माणसाचा उच्चार हा 'मूळ' उच्चार नाही. तो आजच्या फ्रेंचमधला उच्चार आहे, इतकंच.

आणि फ्रेंच लोकही इतरांच्या शहरांना आपल्या नावांनीच हाक मारतात. लंडन त्यांच्याकडे 'लोंद्र' असतं, एडिंबरा 'एदँबूर', डोव्हर 'दूव्र'. मुंबईला आजही कितीतरी फ्रेंच माणसं सहज 'बोंबे' म्हणतात. आमच्या बैठकांमध्ये मी एक गोष्ट मुद्दाम टिपत आले आहे. फ्रेंच अभियंता जेव्हा इंग्रजीत बोलतो तेव्हा तो स्वतःच्या राजधानीला पॅरिस म्हणतो. भाषा बदलली की त्याची जीभही आपोआप बदलते. तुमच्या सहकारी हे ऐकतील तर त्यांचं हसू थांबेल, असं मला वाटतं.

मग सगळ्याच शहरांना पॅरिससारखं इंग्रजी नाव वापरायचं का? इथेच परिस्थिती पाहावी लागते, कारण इंग्रजीतली ही जुनी नावं सगळी सारख्याच अवस्थेत नाहीत. काही अजून ठणठणीत आहेत, काही मावळली आहेत आणि काही अधांतरी आहेत.

ठणठणीत नावांमध्ये पॅरिस पहिलं. दुसरं डंकर्क. फ्रेंच स्पेलिंग वेगळं आहे आणि फ्रेंच उच्चार 'दँकेर्क' असा आहे, पण १९४० साली मे-जूनमध्ये तिथून तीन लाखांवर सैनिकांना इंग्लंडला परत नेलं गेलं आणि तेव्हापासून डंकर्क हा शब्द इंग्रजीच्या रक्तात गेला. तो आता कुणी काढणार नाही. मुळात ते नावही फ्रेंच नाही, फ्लेमिश आहे. वाळूच्या टेकड्यांमधलं चर्च, असा त्याचा अर्थ. प्रांतांची नावं तर जवळजवळ सगळीच टिकली आहेत: नॉर्मंडी, ब्रिटनी, बर्गंडी. इंग्रजी बोलताना फ्रेंच धाटणीने 'बुर्गोन्य' म्हणायची गरज नाही.

मावळलेल्यांत तुमच्या तिन्हींपैकी दोन शहरं आहेत. जुन्या इंग्रजी नकाशांत आणि इतिहासाच्या पुस्तकांत लीऑनच्या आणि मार्सेयच्या शेवटी एस असतो. तेव्हाचे इंग्रजी उच्चार 'लायन्झ' आणि 'मार्सेल्झ' असे होते. त्यातला झ आपल्या 'झाड'मधला. म्हणजे तुमचे साहेब अगदीच निराधार बोलत नव्हते. शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्रजाने त्यांना मान डोलावली असती. पण गेल्या काही दशकांत इंग्रजी वर्तमानपत्रांनी आणि नकाशाकारांनी हा एस टाकून दिला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या भौगोलिक नावांविषयीच्या परिषदांनीही १९७० च्या दशकापासून परकी नावं कमी करत न्यावीत असे ठराव केले, त्याचाही हातभार लागला. आजचा तरुण इंग्रज एस लावलेलं स्पेलिंग पाहून चूक म्हणणार नाही, पण जुनाट म्हणेल. अपवाद एकच, इतिहासातली ठरलेली नावं. १२४५ आणि १२७४ साली तिथे भरलेल्या ख्रिस्ती धर्मपरिषदांविषयी लिहिताना कितीतरी इतिहासकार अजून एस लावतात. तुमच्या विषयाशी त्याचा संबंध नाही, तेव्हा सोडून द्या.

साहेबांच्या 'लायन्स'मध्ये मला आणखी एक गोष्ट दिसते. महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या गावाच्या वेशीवर लायन्स क्लबची पाटी असते. कलकत्त्याच्या शेअर बाजाराची इमारत लायन्स रेंजवर, तोही लायन नावाच्या एका इंग्रजावरून पडलेला रस्ता. त्यामुळे ही अक्षरं दिसली की आपली जीभ त्याच वाटेने जाते. हे शब्द आडनावाचे किंवा सिंहाचे, शहराचा त्यांच्याशी काही संबंध नाही. म्हणूनच तुमच्या चारही पर्यायांमध्ये 'लायन' तेवढा कटाक्षाने टाळा. तो इंग्रजी नाही, फ्रेंच नाही, आणि 'अवर लायन ऑफिस' असं ऐकल्यावर इंग्रजाच्या डोळ्यासमोर शहर येतच नाही.

हा तिसरा मार्ग आपण मराठी माणसं फार वेळा घेतो: स्पेलिंग समोर ठेवून अक्षर न्‌ अक्षर वाचायचं. नीसचं 'नाइस' होतं, ग्रनोब्लचं 'ग्रेनोबल', बोर्दोचं 'बोर्डिऑक्स'. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. देवनागरीने आपल्याला शिकवलंय की लिहिलं तसं म्हणायचं, आणि ती सवय चांगलीच आहे. फक्त ती फ्रेंच आणि इंग्रजी या दोन भाषांना लागू पडत नाही. फ्रेंच किंवा इंग्रजी, यांपैकी एका भाषेच्या रूढीवर पाय ठेवा. दोन्हीच्या मधल्या जागी उभं राहिलं की कुणालाच कळत नाही.

आता तुमच्या शहराचा उच्चार नीट पाहू, कारण सगळ्यांत जास्त वेळा तोच तोंडात येणार आहे.

फ्रेंच 'ल्यों' एका झटक्यात म्हणतात, दोन तुकड्यांत नाही. सुरुवात 'कल्याण'मधल्या ल्यसारखी. शेवटी ओ नाकातून जातो आणि न येतच नाही, म्हणजे जिभेचं टोक वर टाळूला किंवा दातांना लागत नाही. हे मराठी माणसाला अवघड का जातं, याचा मी खूप विचार केला आहे. जुन्या मराठीत असे नाकातले स्वर भरपूर होते. 'नांव', 'गांव', 'कांहीं' असं आपले आजोबा लिहीत. बोलण्यातून ती अनुनासिकं गळाली होती, म्हणून १९६२ च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार लिहिण्यातूनही काढून टाकले. पण कोकणी आणि मालवणी बोलणाऱ्यांच्या तोंडात ती अजून जिवंत आहेत. माझ्या वर्गात सावंतवाडीची किंवा गोव्याची मुलं आली की पहिल्याच दिवशी 'ल्यों', 'बों', 'पँ' असे उच्चार सहज करतात, आणि पुण्याची मुलं महिनाभर 'ल्योन', 'बोन' करत राहतात. तुमच्या घरात कोकणी बोलणारी आजी असेल तर तिच्याकडून पाच मिनिटं 'हांव' हा शब्द ऐका. फ्रेंच अनुनासिकाची तालीम घरबसल्या होईल.

पण ही तालीम फ्रेंच बोलण्यासाठी. इंग्रजीत ब्रिटिश लोक 'ली-ऑन' असं दोन तुकड्यांत म्हणतात आणि जोर पहिल्या तुकड्यावर देतात. शेवटचा न काही जण स्पष्ट म्हणतात, काही जण थोडा नाकात सोडतात. अमेरिकन लोक बहुधा 'ली-ओऽन' म्हणतात आणि जोर दुसऱ्या तुकड्यावर देतात. तुमच्यासमोर दोन्ही प्रकारचे लोक असणार, म्हणून कोणताही एक उच्चार घ्या आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. पहिल्या स्लाइडवर एक आणि दहाव्यावर दुसरा, असं झालं की ऐकणारा क्षणभर अडखळतो, आणि तो अडखळला की तुमचा आकडा त्याच्या हातून निसटतो. मी पहिल्या तुकड्यावर जोर सुचवते, कारण भारतात आपलं इंग्रजी ब्रिटिश वळणाचं आहे आणि त्या लयीत ते सहज बसतं.

हा मुद्दा थोडा लांबवते, कारण इथेच माझ्या विद्यार्थ्यांची गल्लत होते. इंग्रजी वाक्याच्या मधोमध एकदम अस्सल फ्रेंच उच्चार केला की वाक्याची लय मोडते. घशातला र, नाकातला स्वर, सपाट आघात हे सगळं एका शब्दापुरतं आणायचं आणि पुढच्या शब्दाला परत इंग्रजीत यायचं, ही कसरत ऐकणाऱ्यालाही करावी लागते. फ्रेंच न जाणणारा श्रोता त्या क्षणी नाव ओळखूच शकत नाही.

मी हे स्वतः भोगलं आहे. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका शिष्टमंडळाबरोबर पॅरिसला गेले होते. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना रँसला न्यायचं होतं. मी इंग्रजीत सूचना दिली आणि शहराचं नाव शुद्ध फ्रेंचमध्ये घेतलं, घशातल्या र सकट. मंडळीतल्या एका वयस्कर इंग्रज गृहस्थांना ते 'फ्रान्स' असं ऐकू आलं. आपण तर फ्रान्समध्येच आहोत, मग उद्या फ्रान्सला जायचं म्हणजे काय, असा प्रश्न त्यांना पडला, आणि संकोचामुळे त्यांनी तो विचारला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खाली आलेच नाहीत. त्यांच्यासाठी गाडी अर्धा तास थांबवावी लागली. माझा उच्चार फ्रेंच परीक्षेत पूर्ण गुण मिळवणारा होता. त्या माणसाला मात्र त्याचा काहीही उपयोग झाला नाही. त्या दिवसापासून मी दुभाष्याचं काम शिकवताना पहिला धडा हाच देते: समोरच्याच्या कानात पोहोचलं नाही ते बोललं गेलंच नाही.

रँस हे अधांतरी नावाचं चांगलं उदाहरण आहे. फ्रेंच राजांचे राज्याभिषेक जिथे होत, ते कॅथीड्रल तिथे आहे, शॅम्पेनच्या मोठ्या पेढ्या तिथे आहेत आणि ७ मे १९४५ रोजी जर्मनीच्या शरणागतीवर सह्या झाल्या त्याही तिथेच. इंग्रजीत त्याचं जुनं नाव 'रीम्झ', आणि स्पेलिंगमध्ये आर नंतर एच. आता तो एच जवळजवळ गेला आहे, पण उच्चारात बरेच इंग्रज अजून 'रीम्झ' म्हणतात, काही 'रॅन्स' म्हणतात. अशा वेळी मी एकच करते: पहिल्यांदा नाव घेताना ते नकाशावर किंवा स्लाइडवर दाखवते आणि सोबत ओळख देते, 'शॅम्पेनच्या भागातलं रीम्झ'. डोळ्याने एकदा अक्षरं पाहिली की पुढे कान चुकत नाही. तुम्हीही फ्रान्सचा छोटा नकाशा घालून तीन ठिपके दाखवलेत तर अर्धी काळजी तिथेच मिटेल.

मार्सेयविषयी लिहिताना मला थोडं थांबावंसं वाटतं. तुम्ही लिहिलंत की तुम्ही लहानपणापासून 'मार्सेलिस' हेच ऐकत आलात आणि तेही चूक निघालं का, असं तुम्हाला वाटलं. ८ जुलै १९१० ला सावरकरांनी मोरिया बोटीच्या पोर्टहोलमधून उडी घेतली ते बंदर, म्हणून मराठी घराघरांत हे नाव माहीत आहे. फ्रेंच भूमीवर पकडून त्यांना ब्रिटिशांच्या हवाली केलं गेलं, त्यावर फ्रान्स आणि ब्रिटन यांच्यात वाद झाला, आणि हेगच्या लवादाने फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल दिला. त्या काळी इंग्रजीत या शहराच्या नावाला शेवटी एस होता. मराठीने ते स्पेलिंग अक्षरशः वाचलं आणि मार्सेलिस झालं. मराठीत ते नाव आता आपलं आहे, इंदूरसारखंच. मराठी बोलताना, लिहिताना मार्सेलिस खुशाल म्हणा, कुणी दुरुस्त केलं तर ऐकू नका. फक्त ते इंग्रजीत नेऊ नका. तिथे 'मार्सेऽ', जोर 'से'वर. फ्रेंच माणूस शेवटी य लावतो, 'सोय' शब्दाच्या शेवटी येतो तसा हलका: मार्सेय. इंग्रजीतही तो य हलकेच लावलात तर कुणाची हरकत नसेल, कारण दोन्ही उच्चार जवळचे आहेत.

इथून एक साधा आडाखा निघतो, जो मी स्वतः वापरते. इंग्रजीत त्या शहराचं रुळलेलं नाव आजही चालतं आहे का, ते आधी पाहायचं. चालत असेल तर ते घ्यायचं, नाहीतर फ्रेंच उच्चार इंग्रजी ध्वनींमध्ये बसवायचा, म्हणजे घशातल्या रच्या जागी साधा र आणि नाकातल्या स्वराच्या जागी स्वर आणि न. बीबीसीने उच्चारांसाठी १९२६ मध्ये सल्लागार समिती नेमली होती, आणि आज तिथे उच्चारांचा स्वतंत्र विभाग काम करतो. परक्या गावांच्या बाबतीत त्यांचीही पद्धत साधारण अशीच आहे. ही शिस्त मी त्यांच्या निवेदकांना ऐकूनच शिकले.

श्रोते बदलले की आडाख्यात थोडा फरक पडतो. समोर फक्त फ्रेंच माणसं असतील आणि तुम्ही त्यांच्याशी इंग्रजीत बोलत असाल, तर नाव फ्रेंचकडे झुकवा. त्यांचं इंग्रजी कच्चं असू शकतं, पण आपल्या गावाचं नाव ते लगेच पकडतात. टॅक्सीत, स्टेशनवर, हॉटेलात हाच नियम. फोनवर तर नक्कीच, कारण तिथे ओठ दिसत नाहीत.

स्टेशनचा विषय निघालाच आहे तर एक इशारा. फ्रेंचमध्ये दोन शहरांची नावं आपल्याला सारखीच वाटतात. एक नॉर्मंडीतलं काँ, जिथे १९४४ च्या उन्हाळ्यात मोठी लढाई झाली. दुसरं भूमध्य समुद्राकाठचं कान, चित्रपट महोत्सवाचं. पहिल्यात न नाही, स्वर नाकात जातो. दुसऱ्यात न स्पष्ट आहे. इंग्रजीत दुसऱ्याला 'कॅन' म्हणतात. माझी एक विद्यार्थिनी पॅरिसमध्ये तिकीट काढायला गेली आणि तिने 'कान' आणि 'काँ' यांच्या मधलं काहीतरी म्हटलं. खिडकीवरच्या बाईने तिला उत्तरेकडच्या गाडीचं तिकीट दिलं, जायचं होतं दक्षिणेला. सुदैवाने तिने पैसे देण्याआधी कागद वाचला. इथे कुठलीही रूढी कामाची नाही, नाव लिहून दाखवणं हाच उपाय.

अमेरिकन सहकाऱ्यांशी बोलताना आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. अमेरिकेत फ्रेंच नावांची कितीतरी गावं आहेत आणि ती फ्रान्सची राहिलेली नाहीत. केंटकी राज्यात व्हर्सायच्या नावाचं गाव आहे, त्याला तिथले लोक 'व्हर्सेल्झ' म्हणतात. मेन राज्यातल्या कॅलेला 'कॅलस' म्हणतात. १७१८ साली वसवलेलं न्यू ऑर्लिन्स ओर्लेआँच्या ड्यूकच्या नावावरून पडलं, पण तिथे जाऊन कुणी 'ओर्लेआँ' म्हटलं तर ते चूकच. तिथे फ्रेंच उच्चार 'बरोबर' ठरत नाही, कारण गाव ज्यांचं त्यांचा उच्चार वेगळा आहे. तुमच्या एखाद्या अमेरिकन श्रोत्याने आपल्या गावाचं नाव तुम्हाला विचित्र वाटेल असं घेतलं, तर त्याला दुरुस्त करू नका.

लिहिण्याबाबत थोडक्यात. शहराच्या नावावर फ्रेंच चिन्हं असतील, उदाहरणार्थ नीमच्या आयवर किंवा बेझाँसोंच्या सीखाली, तर स्लाइडवर ती ठेवा. संगणकावर आता काही अडचण नाही, आणि सीखालची ती शेपटी काढली की वाचणारा स ऐवजी क वाचतो. ल आव्र, ल माँ, ला रोशेल यांसारख्या नावांतला पहिला शब्द नावाचाच भाग आहे, त्यामुळे इंग्रजीत त्याच्या आधी 'द' लावायचा नाही. फ्रेंच वाक्यात तो 'ल' कधी कधी त्याच्या आधी येणाऱ्या शब्दयोगी अव्ययात मिसळून जातो, पण इंग्रजीत तो जिथल्या तिथे राहतो. शहरातल्या दोन नद्यांचा उल्लेख होणार असेल तर त्या 'रोन' आणि 'सोन'. दुसरी म्हणताना आपल्या मध्य प्रदेशातली सोन आठवा, इंग्रजीपुरतं तेवढं पुरतं.

तुम्ही शेवटी विचारलंत की फ्रेंच यजमानांनी सगळ्यांसमोर उच्चार दुरुस्त केला तर काय करायचं. एकदा त्यांच्या मागून तसंच म्हणा, आभार माना आणि पुढे आपल्या नेहमीच्या उच्चाराने चालू ठेवा. मी असंच करते, आणि आजवर कुणी रागावलेलं पाहिलं नाही. त्यांना हवी असते ती दखल. आणि तुमच्या सहकारीने हसू नये, हे मी त्यांच्यासाठीही लिहिते. मी पहिल्यांदा फ्रान्सला गेले तेव्हा माझ्या उच्चाराला कुणी हसलं असतं तर मी तोंड मिटलं असतं आणि हा व्यवसाय सुरूच झाला नसता. ज्याला येतं त्याने दुसऱ्याच्या तोंडात शब्द बसेपर्यंत सोबत म्हणत राहायचं असतं.

सरावासाठी एक सुचवते. सुटा शब्द घोकू नका, पूर्ण वाक्य घोका, कारण सादरीकरणात नाव कधी एकटं येत नाही. 'अवर टीम इन लीऑन' हे वाक्य फोनवर ध्वनिमुद्रित करून दहा वेळा ऐका. सुरुवातीला मुंबईचा धागा जोडायचा असेल तर तोही खराखुरा आहे: ल्युमिएर बंधूंचा कारखाना याच शहरात होता, आणि त्यांची हलती चित्रं ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवली गेली. एक वाक्य पुरे, आणि त्यात शहराचं नावही नैसर्गिकपणे येतं.

प्रवासाचंही सांगून ठेवते, कारण नावाचा हा घोळ फार जणांना महागात पडतो. 'गार द ल्यों' हे स्टेशन पॅरिसमध्ये आहे, लीऑनमध्ये नाही. लीऑनकडे जाणाऱ्या गाड्या तिथून सुटतात म्हणून त्याला ते नाव. १९८१ साली फ्रान्सची पहिली टीजीव्ही, म्हणजे अतिवेगवान रेल्वेगाडी, याच मार्गावर सुरू झाली आणि आता दोन तासांच्या आसपास लागतात. तुम्हाला बहुधा 'पार-द्यो' या स्टेशनवर उतरायचं असेल, तिकिटावर ते पाहून घ्या. गाडीचा वेग कमी होऊ लागला की डब्यात घोषणा होते, 'ल्यों पार-द्यो'. बॅग घेऊन दाराशी उभे असाल तेव्हा ती नीट ऐका, आणि जमलं तर मनातल्या मनात तिच्या मागून एकदा म्हणा.